गायनाची पदवी आहे, शाळेचा मार्चिंग बँड उभा करायचाय: शिकायचं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या एका खासगी शाळेत तुम्ही संगीताच्या शिक्षिका आहात. शिक्षण गायनाचं, खैरागडच्या संगीत विद्यापीठाचा कोविद झालेला, पेटी चांगली वाजते, तबला कामापुरता येतो. नव्या सत्रात प्राचार्यांनी फर्मान काढलंय की शाळेचा मार्चिंग बँड हवा आणि २६ जानेवारीला तो मैदानात दिसला पाहिजे. वाद्यांचे पैसे मंजूर झालेत. तुम्ही विचारलंय की यासाठी कोर्स कुठला करू आणि ट्रम्पेट शिकायला कुणाकडे जाऊ?

आधी कोर्सचं सांगतो. आपण शिक्षक ज्या रस्त्यानं येतो, त्या रस्त्यावर असा कोर्स लागत नाही. खैरागडचा कोविद करा, प्रयागचं प्रभाकर करा, गांधर्वचं विशारद करा, नाहीतर ग्वाल्हेरला मानसिंह तोमर विद्यापीठाची पदवी घ्या. राग, ताल, लिपी, घराणी हे सगळं पदरात पडतं. चालता चालता वाजवायचं कसं आणि पस्तीस चालत्या मुलांना एका ठोक्यावर बांधून ठेवायचं कसं, याचा त्यात पत्ता नसतो. बी.एड.चं तर नावच काढू नका.

हे रीतसर शिकवलं जातं पचमढीला, म्हणजे आपल्याच राज्यात. लष्कराच्या एज्युकेशन कोअरच्या केंद्रात मिलिटरी म्युझिक विंग आहे. जनरल करिअप्पा सरसेनापती असताना, १९५० साली ती सुरू झाली. सैन्याचे, निमलष्करी दलांचे, पोलिसांचे वादक आणि बँडमास्टर तिथं तयार होतात. शाळेच्या शिक्षकासाठी ती संस्था नाही, पण तिथून शिकून, नोकरी करून निवृत्त झालेली माणसं महू-इंदूर पट्ट्यात भेटतात आणि आपल्याला तीच हवीत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथं संगीत शिक्षकाच्या पदवीतच पितळी वाद्यं, लाकडी फुंकवाद्यं आणि तालवाद्यं असे वेगवेगळे छोटे वर्ग असतात; प्रत्येक वाद्य निदान मुलाच्या हातात देण्याइतकं स्वतः वाजवावं लागतं. बऱ्याच ठिकाणी मार्चिंग बँडच्या तंत्राचा स्वतंत्र विषयही असतो. पण तिथले शिक्षक खरे तयार होतात ते त्या वर्गात नव्हे. शाळेत, मग कॉलेजात ते स्वतः बँडमध्ये चाललेले असतात, फुटबॉलच्या मोसमात दर आठवड्याला मैदानावर उतरलेले असतात, पुढे आपल्या वाद्याच्या तुकडीचे म्होरके झालेले असतात. बावीस-तेविसाव्या वर्षी नोकरीला लागताना त्यांच्या पायात सात-आठ वर्षांची कूच मुरलेली असते. आपल्याकडे शाळा-कॉलेजात एन.सी.सी. केलेला संगीत शिक्षक सापडला तर त्याच्याजवळ यातलं थोडंफार असतं. बाकीचे आपण बैठकीत वाढलेली माणसं. मांडी घालून बसलो की लय पक्की, उभं राहिलो की डगमगते.

म्हणून ट्रम्पेटकडे इतक्यात धावू नका. सूर तुमच्याकडे आहेत. तुम्हाला शिकायचेत ते पाय, मग ड्रम, मग उघड्या मैदानातला आवाज. फुंकवाद्यांचा नंबर त्यानंतर. बहुतेक शाळा नेमकं उलट करतात: आधी चकचकीत पितळ घेतात, मग मुलं फुंकायला लागतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी लक्षात येतं की यांना चालताही यायला हवं.

पायापासून सुरू करा, आणि मुलांच्या नाही, स्वतःच्या. फोनवर मेट्रोनोम उतरवून घ्या. फौजेतलं 'तेज चल' मिनिटाला १२० पावलांचं असतं, पाऊल ३० इंचांचं; 'धीरे चल' ७० पावलांचं. सहावी-सातवीच्या मुलांना १२० झेपत नाही. त्यांची पावलं आखूड पडतात, मग ती पळायला लागतात. ११० च्या आसपास ठेवा. सकाळी मोकळ्या मैदानात मेट्रोनोम कानाला लावून चालत सुटा. पहिलं पाऊल नेहमी डावं. चालता चालता भूपाचे आरोह-अवरोह बरोबरीत म्हणा, मग दुगुणीत म्हणा. मग डाव्या पावलावरच वाक्य संपवायचं, असं ठरवून म्हणा. गायकाला हे वाटतं तितकं सोपं जात नाही. आपल्याला समेवर येताना किंचित रेंगाळायची, किंचित अलीकडून उचलायची गोड खोड असते. बैठकीत त्याला दाद मिळते. मैदानात तुमचं ते रेंगाळणं पस्तीस जोडी बुटांमधून ऐकू येतं.

मग हुकूम द्यायला शिका. हुकमाचे दोन भाग असतात: आधी सावध करणारा लांब शब्द, मग थोडी जागा सोडून तोडणारा आखूड शब्द. तो आखूड शब्द कुठल्या पावलावर पडला पाहिजे हे प्रत्येक हुकमाचं ठरलेलं असतं. चुकीच्या पावलावर दिलात तर अर्धी मुलं थांबतात, अर्धी आणखी एक पाऊल टाकतात. पुस्तकातून हे येत नाही. ड्रिल उस्तादाच्या, म्हणजे कवायत शिकवणाऱ्याच्या, मागे उभं राहून, त्याच्या आवाजात आवाज मिसळून महिनाभर ओरडावं लागतं. घशाची चिंता करू नका. पोटातून आवाज काढायचा रियाज तुमचा आधीच झालेला आहे, इथं तो उपयोगी पडतो.

वळणाचं एक उदाहरण देतो, कारण शाळांचे बँड सगळ्यात जास्त फसतात ते इथंच. समजा ओळीत पाच मुलं आहेत, दोघांमध्ये दीड मीटर अंतर. ओळ उजवीकडे काटकोनात वळवायची आहे. अगदी उजवीकडचा मुलगा जागच्या जागी पाय हलवत फिरतो. डावीकडच्या टोकाचा मुलगा त्याच्यापासून सहा मीटरवर आहे, म्हणजे त्याला पाव वर्तुळाचे जवळजवळ साडेनऊ मीटर चालायचेत. साठ सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर सोळा पावलं. मधला मुलगा तीन मीटरवर, त्याच सोळा पावलांत त्याला निम्मंच अंतर कापायचंय, म्हणजे पाऊल तीस सेंटिमीटरचं. आता सोळा पावलं म्हणजे चार-चार मात्रांचे चार खंड, बहुतेक कूचधुनांमधली एक सरळ ओळ. वळण ओळीच्या पहिल्या मात्रेवर सुरू केलंत तर धून आणि वळण एकाच वेळी संपतं. हे गणित आधी कागदावर करा, मग मैदानात चुन्यानं पाव वर्तुळ आखून घ्या. मुलांना ओरडून 'ओळ सरळ ठेवा' सांगत राहण्यापेक्षा, कुणाचं पाऊल केवढं हे त्यांना आखून दाखवलेलं बरं. अमेरिकन बँडवाले हेच करतात. त्यांच्या फुटबॉल मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते आणि त्या पाच यार्डांत बरोबर आठ पावलं बसवतात, म्हणजे साडेबावीस इंचांचं एक पाऊल. आपल्या मैदानावर रेघा नसतात, म्हणून चुना.

ड्रमकडे येऊ. साइड ड्रम म्हणजे काड्यांनी वाजवायचा लहान ड्रम. त्याच्या काड्या आणि एक रबरी पॅड विकत घ्या, चामड्याच्या ड्रमची आत्ताच गरज नाही. तबला येतो म्हणून डोकं लवकर चालेल, हात चालायला वेळ लागेल, कारण तबल्यात बोट आणि पंजा काम करतात, इथं मनगट आणि काडीची उसळी. आधी नुसतं उजवा-डावा एकसारखं. दोन्ही हातांचा आवाज डोळे मिटून ओळखू येता कामा नये. मग उजवा-उजवा, डावा-डावा. मग पॅराडिडल: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. तबल्याच्या पलट्यांवर वाढलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळते. प्रत्येक चार ठोक्यांनी आघाडीचा हात बदलतो. ६/८ ची कूचधून आली की घाबरू नका. सहा मात्रांचा दादरा चालायला लागला असं समजा: पहिल्या धाला डावा पाय, चौथ्या मात्रेवरच्या धाला उजवा.

आता मोठ्या ड्रमबद्दल माझं एक ठाम मत. शाळांमध्ये तो वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला देतात, कारण वजन त्यालाच पेलतं. वजन पेलायला चांगला हार्नेस, म्हणजे खांद्यावरचे पट्टे, घ्या आणि ड्रम द्या सगळ्यात स्थिर लयीच्या मुलाला किंवा मुलीला. बँड खरा तोच चालवतो. डाव्या पायावरचा जड ठोका त्याचा, धून संपत आली हे सांगणारे दोन लागोपाठ ठोके त्याचे. पुढे मेस, म्हणजे इशाऱ्याचा लांब दांडा, फिरवणारा ड्रम मेजर चुकला तर फार तर हसं होईल. मोठा ड्रम चुकला तर बँड मोडतो. लय तपासायची असेल तर मेट्रोनोमवर मुलांना चालायला लावा, मध्येच मेट्रोनोमचा आवाज बंद करा, अर्ध्या मिनिटानं पुन्हा सोडा. जो त्याच ठोक्यावर सापडेल, तो तुमचा मोठा ड्रम.

मैदानातल्या आवाजाची गोष्ट बैठकीच्या माणसाला सगळ्यात परकी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बंदिस्त खोलीत हे जाणवत नाही. बँड मैदानात लांबवर पसरला आणि पहिल्या ओळीपासून मागच्या ड्रमपर्यंत ३४ मीटर झाले, तर मागचा ठोका पुढे पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. १२० च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो, म्हणजे ठोक्याचा पाचवा हिस्सा उशीर. आता पुढच्या ओळीतला ट्रम्पेटवाला ड्रम मेजरचा मेस बघून वाजवतो आणि मागचा ड्रमवालाही तोच मेस बघून वाजवतो. दोघंही बरोबर! पण समोर बसलेल्याला ट्रम्पेट आधी आणि ड्रम मागून ऐकू येतो. म्हणून नियम असा करा: मेसकडे फक्त ड्रमवाल्यांनी बघायचं, फुंकवाद्यांनी कान मागे ठेवायचा. मागून ठोका जेव्हा पोचेल तेव्हाच ते वाजवतील, आणि मग दोन्ही आवाज बरोबरीनं पुढे जातील. हे मुलांना समजावण्यापेक्षा करून दाखवा. स्वतः पन्नास पावलं दूर समोर उभ्या राहा आणि दोन्ही प्रकारे वाजवून घ्या. प्रात्यक्षिक एकदाच पुरतं.

राष्ट्रीय स्कूल बँड स्पर्धेची रेकॉर्डिंग बघा असं सगळेच सांगतात. शिक्षण आणि संरक्षण मंत्रालयांची ती स्पर्धा. राज्य, विभाग, मग जानेवारीत दिल्ली. मुलांचे आणि मुलींचे ब्रास (पितळी वाद्यांचे) आणि पाइप (बॅगपाइपचे) बँड वेगवेगळे. बघाच, पण एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. कोण कुणाकडे बघतंय, वळणाला आतला मुलगा काय करतोय, धून संपताना मोठ्या ड्रमचा हात कुठं आहे, हे तेव्हाच दिसतं.

आता पितळी वाद्यं, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. इथं गायनाच्या शिक्षकाला एक मोठा फायदा आहे आणि बहुतेकांना तो ठाऊक नसतो. सा कुठंही धरता येतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. ट्रम्पेटवर मूल 'सी' वाजवतं तेव्हा तुमच्या पेटीवर काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, वाजते. अल्टो सॅक्सोफोनवर 'सी' वाजवलं की काळी दोन. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेला नवखा शिक्षक इथं वर्षभर गोंधळतो. तुम्ही सरळ म्हणा: बँडचा सा काळी पाच. ट्रम्पेटच्या कागदावर हा सा 'सी' दिसेल, अल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर 'जी' दिसेल, बेल लायर (उभ्या चौकटीतल्या धातूच्या पट्ट्या, छोट्या हातोडीनं वाजवायच्या) आणि मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी) वाजवणाऱ्यांच्या कागदावर 'बी फ्लॅट'. सगळे मिळून एकच सा. मुलांकडून आधी सरगम म्हणून घ्या, मग वाद्य तोंडाला लावू द्या.

ट्रम्पेटला तीनच कळा असतात. मधली दाबली की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिलीनं पूर्ण स्वरानं, तिसरीनं दीड स्वरानं. मधल्या सप्तकात सा मोकळा, रे पहिली-तिसरी, ग पहिली-दुसरी, म पहिली, प पुन्हा मोकळा, ध पहिली-दुसरी, नि दुसरी, वरचा सा मोकळा. बघा, सा, प आणि वरचा सा तिन्ही मोकळे. बोटं काहीच करत नाहीत, फरक करतात ते ओठ आणि श्वास. नळीतून हे सूर आपोआप निघतात ते तंबोऱ्यात पंचम आणि स्वयंभू गंधार ऐकू येतात त्याच न्यायानं. बिगुलला कळा नसतात, तिथं एवढेच मिळतात: सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग, प. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार शोधलाय, त्यांना बिगुलवरचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला का वाटतो हे सांगायची गरज पडू नये.

म्हणून फुंकवाद्य शिकायची सुरुवात बिगुलवर करा. स्वस्त आहे, कळांचा गुंता नाही, ओठ तयार होतात. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, ओठ सुजला की दुसऱ्या दिवशी काहीच येत नाही. पाच सूर स्वच्छ निघायला लागले की ट्रम्पेट घ्या. तुम्हाला त्यात पारंगत व्हायचं नाहीये. मुलाचा सूर फाटतो तेव्हा दोष ओठाचा, श्वासाचा की माउथपीस वेडावाकडा लावल्याचा, एवढं कळलं पाहिजे. आणि पुढचे कायमचे दात आलेले नसतील त्या मुलाला पितळी वाद्य देऊ नका. पाचवीच्या खाली शक्यतो कुणालाच नको. माउथपीस ज्याचा त्याचा, हा नियम पहिल्या दिवसापासून.

लिपीचं एक कठीण काम आहे. भातखंडे लिपीत एक चाल उत्तम मावते, पण पाच-सहा वाद्यांचे वेगवेगळे भाग एकाखाली एक मांडायला ती निघालेलीच नाही. पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी शिकावी लागेल. ट्रिनिटी नाहीतर ए.बी.आर.एस.एम. या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या थिअरीच्या सुरुवातीच्या दोन-तीन ग्रेड एवढा आवाका पुरतो, परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही. कॉम्प्युटरवर म्यूझस्कोर हे फुकट सॉफ्टवेअर टाका; चाल एकदा भरली की ट्रम्पेटचा, सॅक्सोफोनचा, युफोनियमचा (खर्जाकडचं पितळी वाद्य) कागद ते आपापल्या स्वरात बदलून देतं.

साथसंगत मात्र स्वतः करायला शिका. सुरुवातीला एकत्र वाजणाऱ्या सुरांचे (कॉर्डचे) तीनच गठ्ठे: सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. चालीतला लांब सूर ज्या गठ्ठ्यात बसतो तो गठ्ठा तिथं. खर्जाचं वाद्य डाव्या पायावर, मधली वाद्यं उजव्या पायावर उचल घेतात, चाल ट्रम्पेटकडे. यातून निम्म्या देशभक्तिपर गाण्यांच्या कूचधुना उभ्या राहतात. ज्या गाण्यात चाल दीड सप्तक उड्या मारते, ते कितीही लोकप्रिय असलं तरी पहिल्या वर्षी सोडून द्या. प्राचार्यांच्या आवडीचं गाणं बहुधा असंच निघतं.

राष्ट्रगीताबद्दल वेगळं सांगतो, कारण इथं सरकारी नियम आहेत आणि शाळांचे बँड ते सर्रास मोडतात. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं. बँड ते वाजवणार असेल तर आधी ड्रमचा रोल, म्हणजे काड्यांची सलग घरघर, हवी, लोकांना उभं राहायची सूचना म्हणून, जोवर दुसरा काही इशारा, म्हणजे तुतारी वगैरे, ठरलेला नसेल. हा रोल 'धीरे चल'च्या सात पावलांइतका: हळू सुरू होऊन जास्तीत जास्त चढायचा, मग पुन्हा उतरायचा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहिला पाहिजे. मग एक ठोका शांतता, मग राष्ट्रगीत. हा चढता-उतरता रोल साइड ड्रमवाल्यांकडून स्वतंत्र बसवून घ्या. सगळ्यात अवघड असतो तो उतार.

आणि २६ जानेवारीची थंडी. आपल्याकडे त्या सकाळी पारा दहा-बारावर असू शकतो आणि तालमी झालेल्या असतात दुपारच्या उन्हात. नळीतली हवा दहा अंशांनी थंड झाली की फुंकवाद्याचा सूर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका उतरतो. बेल लायरच्या पोलादी पट्ट्या मात्र जागच्या हलत नाहीत. परिणाम तुम्हाला पहिल्याच ओळीत ऐकू येईल, आणि तुमचा कान तयार असल्यामुळे इतरांपेक्षा जास्त टोचेल. खोलीत सूर जुळवून निघण्यात अर्थ नाही. मैदानात उभं राहून, वाट बघत असताना मुलांना न वाजवता वाद्यात गरम श्वास सोडत राहायला सांगा, आणि पाळी यायच्या दोन मिनिटं आधी नळ्या आत-बाहेर करून जुळवा. नेहरू स्टेडियमवर पाळीची वाट बघण्यात वेळ बराच जातो, तेव्हा हे काम विसरलं जातं.

कानांबद्दल थोडक्यात. ८५ डेसिबलला आठ तास ही धोक्याची रेघ मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो; १०० ला पंधरा मिनिटं. शाळेच्या सभागृहात दार लावून साइड ड्रमची तालीम घेतली की शंभर सहज ओलांडतं. आपल्या मराठी पोरांच्या ढोल-ताशा पथकांमध्ये कापसाचे बोळे घालून वाजवणारे असतात, त्यानं फारसा फरक पडत नाही. फोमचे इअरप्लग घ्या, तुमच्यासाठी आधी. गायिकेचे कान आहेत.

प्राचार्यांना काय सांगायचं? पहिल्या वर्षी ड्रम, बिगुल, झांजा आणि बेल लायर एवढाच बँड. पितळी वाद्यं दुसऱ्या वर्षी. जुलैत हातात आलेला ट्रम्पेट जानेवारीत थंडीत, चालत, गर्दीसमोर वाजवणारी मुलं क्वचित निघतात. त्यांना पटत नसेल तर पैशांची भाषा बोला: मेरठच्या जली कोठीतून, म्हणजे तिथल्या वाद्यांच्या बाजारातून, एकदम सगळी वाद्यं मागवण्यापेक्षा या वर्षी चांगले ड्रम आणि हार्नेस घेतले, तर उरलेल्या पैशांत उस्तादाचं वर्षभराचं मानधन निघतं.

उस्ताद कुठं मिळतील? महू पंचवीसएक किलोमीटर. तिथल्या लष्करी संस्थांमधून निवृत्त झालेल्या, तिथंच घर केलेल्या लोकांत विचारपूस करा, माजी सैनिकांच्या संघटनेत चौकशी करा. इंदुरात राज्य पोलिसांच्या विशेष सशस्त्र दलाची पहिली बटालियन आहे; जिल्हा पोलिसांचे बँडही अलीकडे उभे राहिलेत. त्यांच्या तालमी बघायची परवानगी शाळेच्या पत्रावर मागा, पत्र प्राचार्यांच्या सहीचं असू द्या. ड्रिल आणि ड्रम या माणसांकडून शिका. त्यांच्यापुढे संगीतातली आपली पदवी काढू नका आणि 'उस्ताद' म्हणायला लाजू नका. ते एकच गोष्ट शंभरदा करून घेतात, कारण विचारलं तर सांगत नाहीत. त्या कारणांचा उलगडा तुम्ही घरी येऊन करायचा, जसा वरच्या वळणाचा केला.

फुंक शिकायला मात्र मी लग्नाच्या बँडवाल्यांकडे पाठवीन. नाकं मुरडू नका. रात्रभर वरातीत वाजवून ज्याचा ओठ शाबूत राहतो त्याच्याकडे श्वासाचं काहीतरी आहे. अडकलेली कळ, चेपलेली नळी, गळका सांधा, सगळं ते रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करतात. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही आणि शाळेत महिन्याभरात लागते. त्यांची लय मात्र उचलू नका. ती नाचणाऱ्यांच्या मागे जाते, आणि त्या कामात तीच योग्य. बहुतेक जण कागद न बघता, कानानं वाजवतात. तुम्ही चाल गाऊन दाखवलीत तर पाच मिनिटांत जमतं तुमचं.

वेळेचं तेवढं बघा. देवशयनी एकादशीपासून लग्नं बंद, म्हणजे बँडवाले मोकळे. मध्ये गणपती येतात, अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या मिलांच्या झाँक्यांची, म्हणजे चित्ररथांची, रात्र असते, त्या दिवसांत त्यांच्याकडे काम असतं. ते सोडलं तर चातुर्मासात दुपारी ते घरी सापडतात आणि शिकवायला तयार असतात. देवउठनी एकादशीनंतर कुणी फोन उचलणार नाही. तेव्हा याच आठवड्यात जाऊन बोलून घ्या, आणि मानधनाचा आकडा शाळेकडून लेखी घेऊनच जा.